पंचवटीहून जनकपूरला : दोन देशांत वाटली गेलेली मिथिला कशी पाहावी

नाशिकरोडला पवन एक्स्प्रेस येते तेव्हा जनरलच्या डब्यांसमोर जी झुंबड उडते, ती सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून आणि बांधकामांवरून गावी निघालेल्यांची. डब्यावरच्या पाटीवर शेवटचं नाव असतं जयनगर. मी पंचवटीतला. सीतागुंफेच्या रांगेला वळसा घालून शाळेत जाण्यात बालपण गेलं. पण त्या जयनगरपासून सीतेचं माहेर जेमतेम २९ किलोमीटरवर आहे हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, तेही आमच्या घरी कपाटं करायला आलेल्या मधुबनीकडच्या सुताराकडून. "तुम्ही पंचवटीचे आणि जनकपूर पाहिलं नाही?" असं तो ज्या सुरात म्हणाला, त्यावर चहा पुढे करण्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

त्यानंतर आईला आणि बायकोला घेऊन एकदा आणि पुढे एकट्याने एकदा, असा दोन वेळा जाऊन आलो. पहिल्या खेपेला ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी नकाशा डोक्यात बसवा

टूरवाले जनकपूर काठमांडू-पोखऱ्याच्या पॅकेजात कोंबतात, आणि सीतामढी बिहारच्या तीर्थयात्रेत. दोन्हीकडून मिथिला अर्धीच दिसते. दक्षिणेला गंगा, पश्चिमेला गंडक, पूर्वेला कोसी आणि उत्तरेला हिमालयाचा पायथा, एवढा हा सलग सपाट मुलूख. आज त्यातले दरभंगा, मधुबनी, सीतामढी, समस्तीपूर हे जिल्हे बिहारमध्ये आहेत. धनुषा, महोत्तरी, सिराहा, सप्तरी नेपाळमध्ये. दोन्हीकडे घरात मैथिली बोलतात. भारताने ती २००३ साली आठव्या अनुसूचीत घेतली. नेपाळमध्ये नेपाळीच्या खालोखाल सर्वांत जास्त लोकांची मातृभाषा तीच.

हद्द आखली गेली ती इंग्रज-नेपाळ युद्धानंतर, १८१६ मध्ये. सुगौलीच्या तहाने तराईचा पट्टा नेपाळच्या हातून गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कोसी ते राप्ती हा भाग इंग्रजांनी परतही दिला. या देवघेवीत मिथिलेच्या मधून रेघ गेली. ती रेघ डोंगरावरून किंवा मोठ्या नदीवरून जात नाही, शेतांतून जाते. बांधाच्या अलीकडे मामा आणि पलीकडे भाचा, असा प्रकार गावोगाव आहे.

आपल्यासाठी आणखी एक गंमत आहे. मिथिलेच्या कर्णाट घराण्याचा मूळ पुरुष नान्यदेव, त्याचं कूळ दख्खनचं. त्याने १०९७ मध्ये सिम्रौनगढला राजधानी केली. ती जागा आज नेपाळच्या बारा जिल्ह्यात, अगदी हद्दीला चिकटून आहे. १३२४ च्या सुमारास गियासुद्दीन तुघलकाच्या स्वारीत ती पडली. आपल्या देवगिरीची गोष्टही साधारण त्याच काळातली.

म्हणून माझा सल्ला असा की ही सहल गोलाकार करा. दरभंगा, मधुबनी, जयनगर, तिथून नेपाळच्या रेल्वेने जनकपूर, मग रस्त्याने जलेश्वर आणि भिट्ठामोडमार्गे सीतामढी. एका नाक्याने आत शिरा, दुसऱ्याने बाहेर पडा. नाशिक ते नाशिक नऊ दिवस लागतात, त्यातले साडेतीन गाडीत जातात.

कधी जावं

पावसाळ्यात मुळीच नको. कमला, बागमती, कोसी या नद्या नेपाळातून उतरतात आणि दरवर्षी कुठे ना कुठे रस्ता खातात. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत धुकं इतकं दाट असतं की गाडी किती तास उशिरा येईल हे स्टेशनमास्तरलाही विचारू नये. दिवाळी ते छठ या आठवड्यात नाशिकहून तिकडे जाणारी गाडी मिळणं म्हणजे सिंहस्थात रामकुंडावर निवांत आंघोळ करण्यासारखं आहे. राहिले दोन काळ. छठ आटोपल्यावरचा नोव्हेंबर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा, आणि फेब्रुवारी-मार्च.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला, म्हणजे विवाहपंचमीला, जनकपुरात रामसीतेचं लग्न लागतं. ते पाहायचं असेल तर खोली महिनाभर आधी पक्की करा. गंमत म्हणजे ज्या दिवशी सीतेचं लग्न लागतं त्या दिवशी मिथिलेत बरेच लोक आपल्या मुलीचं लग्न लावत नाहीत. सीतेच्या वाट्याला जे आलं ते आपल्या लेकीला नको, एवढं सरळ कारण.

माझ्या मते मात्र फाल्गुन सर्वांत चांगला. तेव्हा मिथिलेची मध्यमा परिक्रमा निघते. डोली पुढे, मागे साधू आणि गृहस्थ, पंधरा दिवस पायी, आणि वाट दोन्ही देशांतून. नेपाळातून निघून कल्याणेश्वर, गिरिजास्थान अशा भारतातल्या मुक्कामांवरून पुन्हा नेपाळात, आणि होळीपौर्णिमेला जनकपूरची अंतर्गृह परिक्रमा. आषाढी वारीत चाललेल्या माणसाला ओळखीचं वाटेल, फक्त इथे वारीच्या वाटेत परराष्ट्र लागतं. सगळी झेपणार नसेल तर एखादा टप्पा चालून पाहा.

आणि एक. भारतात किंवा नेपाळात, कुठल्याही बाजूला निवडणूक असली की मतदानाच्या आधी दोन-तीन दिवस हद्द बंद होते. तारखा ठरवताना दोन्हीकडचं वेळापत्रक पाहा.

कागदपत्रं : इथे घोडं अडतं

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे "आधार आहे की!" म्हणत लोक निघतात. आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, या दोनपैकी एक मूळ स्वरूपात जवळ हवं. पासष्टच्या वरच्या आणि पंधराच्या खालच्या लोकांना मात्र सवलत आहे. त्यांना आधार, पॅन, रेशनकार्ड असं फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र चालतं.

पहिल्या खेपेला आमच्याच डब्यात सिन्नरचं एक कुटुंब होतं. जयनगरला सत्तरीच्या आजोबांना आधारवर तिकीट मिळालं, चाळिशीच्या मुलाला नाही. त्याचं मतदारकार्ड सिन्नरच्या कपाटात. दीड दिवसाचा प्रवास करून आलेली ती माणसं खिडकीसमोर एकमेकांकडे पाहत उभी होती. शेवटी सगळेच मागे फिरले. रस्त्याच्या नाक्यावर कडक तपासणी नसते, तिकडून जा, असं सांगणारे तिथे दहा भेटतात. त्यांचं ऐकू नका. परदेशात खिशात ग्राह्य कागद नसताना आजारपण किंवा अपघात ओढवला तर तो सल्ला देणारा जागेवर नसतो.

लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या आईवडिलांशी असलेलं नातं दिसेल असा कागद ठेवा. स्वतःची मोटार नेणार असाल तर नाक्यावर भन्सार, म्हणजे जकातीची पावती, फाडावी लागते. ती दिवसांच्या हिशेबाने असते आणि गाडीचे मूळ कागद लागतात. पण नाशिकहून मोटार नेण्याच्या भानगडीत मी तरी पडणार नाही.

पैसे, फोन, घड्याळ

भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. हा दर बांधलेला आहे, त्यामुळे कुणी घासाघीस करू लागला तर समजून जा. जनकपुरात भारतीय नोटा सर्रास घेतात, पण शंभरच्या आणि त्याखालच्या न्या. पाचशे-दोनशेच्या नोटांबाबतचे नियम नोटबंदीनंतर बरेच हेलकावे खात आले आहेत. निघण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्या. 'यांचे की त्यांचे?' हा प्रश्न प्रत्येक खरेदीत विचारायचा. तिथे भारतीय रुपयाला आयसी म्हणतात आणि नेपाळीला एनसी. आईने आयसी समजून एनसीचा भाव नाकारला आणि पुढच्या दुकानात तीच बांगडी जास्त पैशांत घेतली.

फोनपेचा (Fonepay) क्यूआर असलेल्या दुकानांत आपलं यूपीआय २०२४ पासून चालतं. नाव जवळजवळ सारखं असलं तरी ही नेपाळची कंपनी, आपल्या फोनपेशी (PhonePe) तिचा संबंध नाही. नेटवर्क गेलं तर सगळंच ठप्प, म्हणून रोकड ठेवाच.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. हद्दीवर फोन कधी इकडचं टॉवर पकडतो, कधी तिकडचं, आणि वेळ आपोआप मागेपुढे होते. गाडीची वेळ विचारताना ती कुठल्या देशाची हे विचारा. शनिवारी तिकडे सरकारी कचेऱ्या बंद. आणि पाट्यांवर साल पाहून दचकू नका, तिथे विक्रम संवत चालतो, आपल्या इसवी सनाच्या ५७ वर्षं पुढे.

नाशिकरोड ते दरभंगा

पवन एक्स्प्रेसचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी करा. भुसावळ, इटारसी, जबलपूर, प्रयागराज, वाराणसी, छपरा, मुजफ्फरपूर करत दीड दिवसाने दरभंगा. गाडी वेळेवर पोचेल असं धरून पुढचं काही ठरवू नका. घरच्या वयस्करांना इतका प्रवास झेपणार नसेल तर मुंबईहून दरभंग्याला विमान आहे. तिथला विमानतळ २०२० मध्ये सुरू झाला.

गाडीतच मैथिलीचा पहिला धडा घ्या. हिंदीवर सगळं भागतं, पण 'अहाँ' या आदरार्थी 'तुम्ही'ने सुरुवात केलीत की समोरचा खुलतो. 'की हाल छै?' विचारा, 'नीक छी' उत्तर येईल. त्यांचं 'नीक' आणि आपलं 'नीट' शेजारी ठेवून आमच्या डब्यात तासभर चर्चा झाली.

दरभंग्याला एक दिवस पुरे. राजवाड्याच्या आवारात आता दोन विद्यापीठं आहेत. तिथलं श्यामामाईचं मंदिर महाराज रामेश्वरसिंहांच्या चितेच्या जागेवर बांधलेलं आहे आणि लोक तिथे लग्नाची बोलणी करायलाही येतात. कमतौलजवळ अहल्यास्थान आहे. इथे त्र्यंबककरांनी मन मोठं ठेवावं. गौतमांचा आश्रम आपल्या ब्रह्मगिरीवर होता हे आपण गोदावरीच्या साक्षीने सांगतो. मैथिल मंडळी तितक्याच खात्रीने तो इथे दाखवतात. वाद घालू नका, प्रसाद घ्या.

मधुबनी : इथे घाई नको

मधुबनी चित्रांचे रुमाल-पिशव्या नाशिकच्या प्रदर्शनांतही मिळतात. पण जितवारपूर आणि राँटी या मधुबनीला लागून असलेल्या गावांत जाऊन ओसरीवर बसलेली बाई बांबूच्या काडीने रेघ कशी ओढते हे पाहणं वेगळं. या चित्रांचं मूळ घर म्हणजे कोहबर, नवरानवरीची खोली. तिच्या भिंतीवर कमळ, बांबू, मासे, पोपट. १९३४ च्या भूकंपात घरं पडली तेव्हा पाहणीला आलेल्या आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला ढासळलेल्या भिंतींच्या आतली चित्रं दिसली आणि बाहेरच्या जगाला ती कळली.

ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणण्यात एका मराठी माणसाचा मोठा हात आहे, हे तिथे गेल्यावर कळलं तेव्हा मीच चकित झालो. १९६६ च्या दुष्काळात बायकांच्या हाती चार पैसे यावेत म्हणून पुपुल जयकर यांनी हस्तकला मंडळातर्फे मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे पाठवलं. गावोगाव फिरून, कागद देऊन त्यांनी बायकांना रंगवायला लावलं. पुढे वारली चित्रांच्या जिव्या सोमा मशे यांना पुढे आणण्यातही तेच होते. जितवारपूरच्या जगदंबादेवी आणि सीतादेवी, राँटीच्या महासुंदरीदेवी, गोदावरी दत्त, दुलारीदेवी या सगळ्या पद्मश्री झाल्या. मिथिलेतल्या बाईचं नाव गोदावरी, याचं आमच्या आईला फार कौतुक.

विकत घेताना चित्रकाराकडूनच घ्या. 'भरनी' म्हणजे आत रंग भरलेलं, 'कचनी' म्हणजे बारीक रेघांनी भरलेलं, आणि 'गोदना' म्हणजे गोंदणासारखं. गोदना ही दलित बायकांनी घडवलेली शैली. तिच्यात राम-सीतेपेक्षा राजा सलहेसाच्या, म्हणजे तिथल्या दलितांच्या लोकदेवाच्या, कथा जास्त भेटतात. या सलहेसाची फुलबाग नेपाळात सिराहा जिल्ह्यात आहे. एप्रिलच्या मध्यावर, नेपाळी नववर्षाला, तिथे जत्रा भरते आणि दोन्ही देशांतले लोक जातात. मिथिला म्हणजे फक्त जानकी असं धरून चाललात तर हे हातचं सुटेल. एका कचनी चित्राला आठवडा जातो, तेव्हा भावात फार ताणू नका. रंगवलेला कागद गुंडाळायला प्लास्टिकची नळी नाशिकहूनच न्या, तिथे शोधत बसावं लागतं.

मधुबनीत आणखी दोन ठिकाणं. राजनगर : दरभंगा राजाचा महाल आणि मंदिरांचा परिसर, याच १९३४ च्या भूकंपात मोडलेला. भग्न खांबांत मुलं क्रिकेट खेळतात. दुसरं, भवानीपूरचं उगना महादेवाचं देऊळ. विद्यापती हा चौदाव्या-पंधराव्या शतकातला मिथिलेचा महाकवी, गाव बिस्फी. त्याच्या घरी साक्षात शंकर उगना नावाचा गडी बनून राबला, अशी कथा. ऐकल्याबरोबर आई म्हणाली, "अगं बाई, हा तर आपला श्रीखंड्या!" नाथांच्या घरी पाणी भरणारा. त्यानंतर त्या देवळातून तिला बाहेर काढायला अर्धा तास लागला.

जेवणाचं एकच सांगतो. मैथिल ब्राह्मणाच्या घरी मासळी शुभ मानतात, तेव्हा 'पंडितजींचं घर' म्हणून निर्धास्त राहू नका, आधी सांगा. शाकाहाऱ्यांनी तिलकोरच्या पानांचा तरुआ, म्हणजे पिठात बुडवून तळलेली पानं, आणि मखाण्याची खीर चुकवू नये. मखाणा तळ्याच्या तळातून गोळा करतात, भाजतात आणि लाकडी ठोकळ्याने फोडतात. ते पाहिल्यावर त्याच्या भावाबद्दल कुरकुर थांबते.

जयनगर ओलांडताना

जयनगरला नेपाळ रेल्वेचं स्टेशन आपल्या स्टेशनाला लागूनच आहे. १९३७ पासून इथे छोटी गाडी धावायची. रूळ रुंद करायला ती २०१४ मध्ये बंद झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये कुर्थापर्यंत, सुमारे ३५ किलोमीटर, पुन्हा सुरू झाली. नंतर आणखी पुढे वाढली. डबे आपल्या कोकण रेल्वेमार्फत गेलेले. या गाडीत फक्त भारतीय आणि नेपाळी नागरिक बसू शकतात.

दिवसाच्या फेऱ्या मोजक्या आहेत आणि वेळा बदलतात. आदल्या संध्याकाळी स्टेशनवर जाऊन वेळ विचारा आणि सकाळी तासभर आधी पोचा, कारण ओळखपत्र दाखवून तिकीट, मग सामानाची तपासणी. इनर्वा हे नेपाळातलं पहिलं स्टेशन. पुढे एका स्टेशनाचं नाव वैदेही आहे. गाडी हळू चालते, खिडकीतून तळी दिसत राहतात, आणि हद्द नेमकी कुठे गेली हे विचारल्याशिवाय कळत नाही.

जनकपूर

दोन रात्री राहा. जानकी मंदिराजवळच्या धर्मशाळा स्वस्त, हॉटेलं ठीकठाक. मंदिर पाहून नाशिककर आधी बुचकळ्यात पडतो. काळाराम म्हणजे काळा पाषाण, भारदस्त. हे पांढरंशुभ्र, घुमट-कमानींचं, राजवाड्यासारखं. टीकमगढच्या राणी वृषभानू यांनी ते बांधवलं, १९११ च्या सुमारास पुरं झालं. नऊ लाख खर्चाचा संकल्प म्हणून 'नौलखा'. शेजारी विवाहमंडप आहे. पहाटे आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा जा. दुपारी फरशी तापते.

इथे राम देव नंतर, आधी जावई. त्याला 'पाहुन' म्हणतात. लग्नगीतांत त्याची आणि दशरथाच्या घराण्याची चेष्टा करणाऱ्या 'गारी' मनसोक्त गातात. मंदिराच्या आवारात गाणाऱ्या बायकांजवळ आई बसली. कुठून आलात, एकीने विचारलं. पंचवटी म्हटल्यावर गाणं थांबलं. मग एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे तुमच्याच गावातून आमच्या मुलीला उचलून नेलं." आईला काय बोलावं कळेना. तिने फक्त हात जोडले. म्हातारीने तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि गाणं पुढे सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनुषाधाम करा. अठरा-वीस किलोमीटर, ई-रिक्षा नको, जीप ठरवा. शिवधनुष्याचा तुकडा म्हणून तिथे शिळा पुजतात. दुपारी शहरालगतच्या कुवा भागातलं जनकपूर नारी विकास केंद्र. इथल्या बायका तीच मिथिला चित्रं काढतात, पण विषय रोजचे : सायकल, बस, निवडणूक, म्हैस. मधुबनी पाहून आला असाल तर हातातला फरक लगेच दिसतो. संध्याकाळी गंगासागर तळ्याची आरती.

परत : भिट्ठामोड, सीतामढी

जनकपूरहून जलेश्वरच्या बसने भिट्ठामोडला या. जलेश्वरनाथाचं दर्शन वाटेत होतं. नाक्यावर चालत हद्द ओलांडा, पलीकडे सीतामढीच्या गाड्या उभ्या असतात. दलाल 'एंट्री करून देतो' म्हणून मागे लागतील, गरज नाही. फार मोठी खरेदी, विशेषतः सोनं आणि इलेक्ट्रॉनिक माल, घेऊन आलात तर कस्टमची विचारपूस होणारच.

सीतामढीत पुनौराधाम, जानकीची जन्मभूमी मानलेली जागा. नव्या मोठ्या मंदिराची पायाभरणी २०२५ मध्ये झाली, त्यामुळे काही वर्षं बांधकामाच्या धुळीतून दर्शन घ्यावं लागेल. नांगराच्या फाळाला लागून सीता सापडली ती इथे, असं सीतामढीकर म्हणतात. आणि जनकपूरवाल्यांना विचारलंत तर ते हसून विषय बदलतात.

सीतामढीहून मुजफ्फरपूरला रेल्वे आहे आणि परतीची पवन एक्स्प्रेस तिथून पकडता येते. आरक्षण मुजफ्फरपूरहूनच करा, उगाच दरभंग्याला उलट जाऊ नका. मे-जूनमध्ये कुणी गेलंच तर तिथल्या शाही लिचीची पेटी उचला, पण जबलपूरच्या आत संपवा. मखाणे मात्र नाशिकपर्यंत टिकतात. आम्ही तीन किलो आणले, त्यातला एक किलो त्या सुताराच्या घरी गेला. त्याच्या बायकोने दोन दाणे दाताखाली फोडून पाहिले आणि विचारलं, "किती दिले? आयसी की एनसी?"